ढाबळीतली धूळ

“एक तास,” डॉक्टरीणबाई मनगटावरचं घड्याळ चाचपत म्हणाल्या. “आत जायचं, दार लावून घ्यायचं आणि नेहमीसारखं वागायचं. दाणे टाका, पाणी बदला, झाडलोट करा. मी हाक मारली की बाहेर.”

“एकच तास?” आबांनी विचारलं.

“एकच.”

आबा गच्चीवरच्या कबुतरांच्या ढाबळीच्या दाराशी उभे होते, इस्त्रीचा सदरा घालून, केसांना तेल चोपडून. आई माझ्या कानाशी पुटपुटली, “लग्नात बी एवढं नटलं नव्हतं ह्ये.”

आबा वाकून आत शिरले आणि दार लावलं. आतून जो गलका झाला म्हणता! पंखांची फडफड, घुमणं, आणि मधेच आबांचं हसणं. ते हसणं मी कितीतरी महिन्यांनी ऐकत होते. डॉक्टरीणबाई उलट्या ठेवलेल्या बादलीवर बसल्या आणि आईनं त्यांच्या हातात चहा दिला. घरी आलेल्या माणसाला चहा द्यायचाच, मग तो नवऱ्याला आजारी पाडायला आलेला का असेना.

कारण ते तसंच होतं. आबांना आजारी पाडून बघायचं होतं.

आमचं घर कोल्हापुरात, अशा गल्लीत की जिथं पुरुषमाणसं सकाळी उठली की आधी आभाळाकडं बघायची आणि मग चहा मागायची. कबुतरांचा नाद. माझे आबा, रंगराव खराडे, पाणीपुरवठ्याच्या पंपावर कामाला होते. पण गल्लीत तसं विचारलं असतं तर कुणी घर दाखवलं नसतं. ‘गिरेबाजवाले रंगराव’ म्हटलं की शेंबडं पोरसुद्धा दारापर्यंत आणून सोडायचं. गिरेबाज म्हणजे उंच उडणारी जात. सकाळी सोडली की वर वर जाऊन ठिपका होऊन राहायची आणि ज्याचं पाखरू सगळ्यात शेवटी उतरेल तो जिंकला. जिंकून मिळायचं काय, तर एक फेटा आणि वर्षभर मिशीला पीळ द्यायचा हक्क.

तर या माणसाला धाप लागायला लागली. आधी क्षय म्हणून सुया टोचल्या. मग दमा म्हणून गोळ्या झाल्या. मग कुणा वैद्याचा काढा झाला, त्यानं नुसतंच पोट बिघडलं. आबा वाळत चालले. बोटांची टोकं फुगून गोल झाली. जिना चढताना अर्ध्यावर बसायचे आणि आम्ही बघतोय असं दिसलं की चपलेचा अंगठा नीट करायचं सोंग करायचे.

मग डॉक्टर नलिनी सोहोनी आल्या. पुण्याच्या एका संशोधन संस्थेतल्या. श्वासाचे रोग, ॲलर्जी, फुप्फुसाची सूज, यावर त्यांचं काम चाललं होतं आणि त्यासाठी त्या आमच्याकडच्या दवाखान्यात वर्षभर मुक्कामाला होत्या. बाई हुशार, हे मीही नाकारत नाही. इतक्या डॉक्टरांनी आबांना तपासलं, पण ‘घरी काय काय पाळलंय?’ हे विचारलं ते त्यांनीच. आबांनी पाखरांची नावं सांगायला सुरुवात केली. मखमल, जरदी, काळी मान, फौजदार, भिंगरी. बाई लिहायच्या थांबल्या आणि आबांच्या तोंडाकडं बघत राहिल्या.

त्यांनी आबांना दवाखान्यात ठेवून घेतलं, औषधाशिवाय, नुसतंच. आठवड्यात आबा खडखडीत. घरी पाठवलं, आबा परत आडवे. मग त्यांनी आबांचं रक्त घेतलं, ढाबळीतली विष्ठा घेतली, आणि एक दिवस आबांना आणि मला बोलावून काचेची पट्टी दाखवली. पट्टीवर जेलीसारखं काहीतरी, त्याला दोन भोकं. एकात आबांच्या रक्तातलं पाणी, दुसऱ्यात कबुतरांच्या विष्ठेचा अर्क. दोन्ही पाझरत पाझरत जिथं एकमेकांना भेटली होती तिथं बारीक पांढरी रेघ उमटली होती.

“म्हंजे माझं रक्त माझ्या पाखरांस्नी वळखतंय,” आबा म्हणाले.

“ओळखतंय, रंगराव. पण शत्रू म्हणून ओळखतंय. त्यांची विष्ठा, पिसांवरची पांढरी भुकटी, ते सगळं श्वासातून आत जातं, तुमचं रक्त त्याच्याशी भांडतं आणि त्या भांडणात फुप्फुस सुजतं. असंच चाललं तर ते चामड्यासारखं कडक होईल. मग मला काही करता येणार नाही.”

“भांडत्यात की घरातली माणसं. म्हणून काय सोडचिठ्ठी देत्यात व्हय?”

बाई हसल्या. मग त्यांनी दुसरी पट्टी दाखवली. तिथंही रेघ. ती रसूलमामूच्या पाखरांची होती. रसूल मोमीन आमच्या मागच्या बोळातले, आबांचे जिवलग दोस्त आणि आभाळातले वैरी. आबांचं तोंड उतरलं. “त्या रसूलच्या पाखरांशी बी? छ्या! काच खराब हाय तुमची.”

पण रेघ म्हणजे पुरावा नव्हे, असं बाई म्हणाल्या. कबुतरं पाळणाऱ्या धडधाकट माणसांच्या रक्तातही ती दिसते. खरा पुरावा एकच. माणूस बरा असताना त्याला ढाबळीत बसवायचं आणि काय होतं ते बघायचं. म्हणून आबांना पुन्हा दवाखान्यात बरं करून आणलं आणि मग तो एक तास.

तास संपला. बाईंनी हाक मारली. आबा काही बाहेर येईनात. दुसऱ्या हाकेला म्हणाले, “आलो आलो, फौजदाराच्या पायात दोरा अडकलाय.” तिसऱ्या हाकेला दार उघडलं. खांद्यावर पांढरी भुकटी, सदऱ्यावर विष्ठा, आणि तोंडावर असं तेज की आईनं मानच फिरवली.

दुपारपर्यंत काही झालं नाही. आबा पितळी भरून आमटी-भात जेवले. बाई दर थोड्या वेळानं त्यांना एका पेटीसारख्या यंत्राच्या नळीत फुंकायला लावत होत्या. उन्हं कलायला लागली आणि आबांना हुडहुडी भरली. मग ताप. मग खोकला. मग ती धाप, बरगड्या मोजून घ्याव्यात अशी. आबा अंथरुणावर दोन्ही हात टेकून बसले, ओठ निळसर. बाईंनी त्यांच्या पाठीला नळी लावली, डोळे मिटून ऐकलं आणि डोळे उघडले तेव्हा त्या चक्क हसत होत्या.

“ऐका, ऐका तुम्ही! अगदी पुस्तकातल्यासारखं!”

“बाई,” आई म्हणाली, “माणूस माझा मराय लागलाय आन तुमी हसालाय?”

बाई खरंच ओशाळल्या. रात्र होईस्तोवर उशाशी बसल्या, सुई दिली, प्राणवायूचा सिलिंडर आणवला. मी हे सांगते कारण पुढं गल्लीनं त्यांना राक्षसीण ठरवलं. राक्षसीण नव्हत्या त्या. त्यांना फक्त आनंद आवरला नाही.

सकाळी त्यांनी निकाल सांगितला. पाखरं घरातून गेली पाहिजेत. आबा भिंतीकडं तोंड करून पडले होते. मग म्हणाले, “रसूलला बोलवा.”

रसूलमामूंनी दुरड्या भरून पाखरं कागलला आपल्या बहिणीकडं नेली. जाताना आईला बाजूला घेऊन म्हणाले, “भाभी, मी नेतो, पण खरं सांगू का? दिलं म्हणून पाखरू जात नसतं. ज्या ढाबळीत अंड्यातनं बाहेर आलं तीच त्याची. उद्या बांधलेले पंख मोकळे झाले की इथंच.”

“मग इलाज?”

“इलाज दोनच. एक तर ढाबळ उचलायची, न्हायतर मान पिरगाळायची. आन ढाबळीला हात लावला तर रंगराव तुमची मान पिरगाळंल.” असं म्हणून मामू हसले. आई हसली नाही.

पाखरांविना आबा सुधारले. अंगात रक्त दिसायला लागलं. जिना एका दमात चढायला लागले. पंपावर हजर झाले. आई देवीला ओटी भरून आली. पण आबा संध्याकाळी गच्चीवर जाऊन कागलच्या दिशेला तोंड करून उभे राहायचे. आणि एके सकाळी मखमल आली. दुपारी जरदी. दोन दिवसांत निम्मी ढाबळ भरली. आबा इतके खूश, की पेढे वाटायचेच काय ते बाकी ठेवले. आई ओरडली, रडली, जेवली नाही. आबांचं एकच, “मी बोलावली न्हाईत. त्यांची ती आली. आता घरी आलेल्याला हाकलू व्हय?”

मला वाटलं डॉक्टरीणबाई खडसावतील. बाई आल्या, पाखरं बघितली, ओठ चावत उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “आलीच आहेत तर… रंगराव, आमच्या सरांचं म्हणणं पडलं की एकदा झालं त्याला लोक योगायोग म्हणतात. तोच प्रयोग पुन्हा करून तेच घडलं, तर मग कुणाला तोंड उघडता येणार नाही.”

“करू की!” आबा म्हणाले. बाईंचं वाक्य पुरतं संपलंही नव्हतं.

“अवो बाई, एकदा बघितलंसा न्हवं?” आई मधे पडली. आमच्याकडं बायका ‘मी येतो, मी जातो’ असं बोलतात; रागावली की आईचा तो सूर आणखी चढायचा. “मी सांगतो तुमास्नी, त्यास्नी काय सोसणार न्हाय आता.”

“मावशी, याचा हजारो माणसांना उपयोग होईल. कितीतरी जणांना चुकून क्षयाची औषधं देऊन मारतायत.”

“हजारांचं मला ठावं न्हाय. माझा एकच हाय.”

पण आबांनी सदरा इस्त्रीला टाकलासुद्धा होता. त्या दिवशी आईला जे कळलं ते मला फार उशिरा कळलं. आबा काही विज्ञानासाठी ढाबळीत बसत नव्हते. बाईंना त्यांचा ताप हवा होता आणि आबांना तो तास हवा होता. दोघांचा सौदा जुळला होता.

दुसऱ्या वेळी आबांना दवाखान्यातच न्यावं लागलं. बाई स्वतः घाबरल्या. “बास,” म्हणाल्या, “आता कधीच नाही.” आणि आबा, नाकात नळी, बोलताना धाप, तरी हात जोडून म्हणतात, “बाई, आणिक एकदा? कमी वेळ बसतो.”

आई तिथंच उभी होती. तिच्या हातात दुधाचा तांब्या होता. तिनं तो खाली ठेवला आणि बाहेर निघून गेली.

पण खरा घोळ झाला तो तिसऱ्या वेळी. आबा घरी आले, पाखरांची व्यवस्था मी बघू लागले, आबांना गच्चीबंदी. बाईंच्या डोक्यात मात्र नवं काहीतरी घोळत होतं आणि यावेळी, माझं प्रामाणिक मत आहे, त्या आबांच्याच भल्याचा विचार करत होत्या. त्यांनी तोंडाला बांधायचं एक जाड मुसकं आणलं, कारखान्यातली माणसं बांधतात तसलं.

“हे बांधून पाव तास बसायचं. ताप आला नाही, तर रंगराव, मुसकं बांधून का होईना, पाखरं ठेवता येतील. रोज थोडा वेळ.”

आबांनी ते मुसकं दोन्ही हातांत घेतलं. त्यांच्या डोळ्यांतनं टपाटपा पाणी. “हौसा, आयकलंस काय? ठेवता येत्यात म्हणं. ठेवता येत्यात.”

आईनं आबांकडं बघितलं. तिला लग्नापासून हा माणूस पाठ होता. तिला माहीत होतं, दार लावलं की आतमध्ये पहिली गोष्ट काय होणार तर ते मुसकं गळ्यात येणार. मुसकं बांधून शीळ घालता येत नाही, आणि शीळ न घालता आबा पाखरांपुढं उभे राहिलेत असं कधी झालं नव्हतं.

“कवा करायचं?” आईनं विचारलं.

“परवा सकाळी येते,” बाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी मी कॉलेजातून दुपारची घरी आले. आबा पंपावर हलक्या कामाला गेले होते. घरात आई नव्हती. गच्चीवर गेले तर ढाबळीचं दार सताड उघडं आणि आई कठड्याच्या सावलीत पाय पसरून बसलेली. शेजारी सुपात ज्वारी आणि एक पोतं. पोत्याचं तोंड सुतळीनं बांधलेलं. आईच्या पदराला, केसांना पिसं चिकटली होती आणि मनगटांवर ओरखडे.

मला समजलं, पण समजून घ्यायचं नव्हतं. “आई, पाखरं कुठायत?”

“एक बी उडालं न्हाय गं मालन,” ती म्हणाली. “दार उघडंच ठेवलं होतं मी. म्हटलं, उडून जातील तेवढी वाचतील. दाणे टाकले, तशी आली. हातावर बसली. त्ये रात्रपाळीला असायचे तवा मीच घालत होतो न्हवं दाणे. वळखत होती मला. एक मेलं तरी दुसरं आपलं दाणे टिपालंय.” ती हाताकडं बघत राहिली. “जरा तरी भ्यायचं.”

“सगळी?”

“फौजदार मागं राहिला होता. त्याला नावानं हाक मारली. आला.”

मी जिन्यात बसून रडले. आई उठली, पोतं उचललं, रंकाळ्याच्या बाजूला कुठंतरी खड्डा घेऊन पुरून आली, अंघोळ केली आणि संध्याकाळच्या भाकऱ्या थापायला बसली.

आबा आले. चप्पल काढली. वर बघितलं. घरात घुमण्याचा आवाज नव्हता. ते जिना चढून गेले. आई तव्यावरची भाकरी उलटत होती, ती करपली तरी उलटत होती. बऱ्याच वेळानं आबा खाली आले. हातात एक पीस होतं. आईसमोर उभे राहिले.

“मार,” आई म्हणाली. “मार मला. पर आता जगचील तू.” सगळ्या जन्मात तिनं आबांना अरेतुरे केलं ते एवढ्या एका वेळी.

आबांनी हात उचलला नाही. ते ओसरीवर जाऊन पडले. शिवी नाही, आरडाओरडा नाही. त्यांनी आईशी बोलणं बंद केलं. ताट वाढलं तर खायचे, पाणी दिलं तर प्यायचे, पण आईला बघायचेच नाहीत. मधे काही उभंच नाही असं आरपार बघायचे. मारलं असतं तर बरं झालं असतं.

सकाळी डॉक्टरीणबाई यंत्र घेऊन हजर. मी दारातच त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी यंत्र खाली ठेवलं. “अहो, पण मुसक्यानं कदाचित…” असं काहीतरी म्हणायला लागल्या आणि आईकडं बघून गप्प झाल्या.

तेवढ्यात आबा बाहेर आले. इस्त्रीचा सदरा. तेल लावलेले केस.

“चला,” म्हणाले. “तुमचा पाव तास हाय न्हवं?”

“रंगराव, आता कशाला…”

“ठरलंय ते ठरलंय.”

आबा जिना चढले. मुसकं तिथंच कठड्यावर ठेवलं. रिकाम्या ढाबळीत वाकून शिरले आणि दार ओढून घेतलं. आतून फडफड नाही, घुमणं नाही. थोड्या वेळानं शीळ ऐकू आली. पाखरं वर चढवताना घालायचे तीच लांब शीळ. आई दोन्ही कानांवर हात ठेवून जिन्यात बसली. पाव तास गेला, तास गेला, बाई हाका मारून दमल्या, तेव्हा कुठं आबा बाहेर आले.

आणि उन्हं कलायच्या वेळी हुडहुडी भरली. ताप, खोकला, धाप. सगळं तसंच. पाखरं नसताना!

बाईंनी पाठीला नळी लावली. यावेळी त्या हसल्या नाहीत, पण त्यांचा चेहरा मला दिसला. उपाशी माणसापुढं ताट आल्यावर होतो तसा. भराभर फुंकर मोजून घेत होत्या. “रिकाम्या ढाबळीत! हे कुणी बघितलंच नसेल अजून…” मग भानावर येऊन आईला म्हणाल्या, “मावशी, दोष एकट्या पाखरांचा नाही. त्यांची भुकटी, वाळलेली विष्ठा, सगळं तिथल्या फळ्यांत, फटींत, धुळीत मुरलेलं आहे. पाखरं गेली तरी ती तिथं राहतात, वर्ष-दीड वर्ष. ढाबळ पाडली पाहिजे. आधी पाणी मारून, तोंड बांधून. यांना तोवर तिकडं फिरकू देऊ नका.”

आबा दोन्ही हात टेकून बसले होते, ओठ निळे. त्यांनी मान वर केली.

“राहत्यात?”

“काय?”

“पाखरं. ऱ्हात्यात म्हणालासा. दीड वर्ष?”

बाई गोंधळल्या. “म्हणजे त्यांचे… त्यांच्या अंगातले अंश. हो.”

आबांच्या चेहऱ्यावर त्या धापेतही हसू पसरलं. त्यांनी उशीला टेकून डोळे मिटले आणि दिवसभरात पहिल्यांदा शांत पडले.

त्यानंतर आबा रोज ढाबळीत जाऊन बसायला लागले. सकाळी दाणे घालायच्या वेळेला आणि संध्याकाळी पाखरं उतरायच्या वेळेला. कुलूप लावलं, तर कोयंडा उचकटला. बाईंनी दिलेल्या गोळ्या कुंडीत सापडल्या. बाई समजवायला आल्या, पाया पडल्या म्हणा ना. आबा म्हणाले, “बाई, तुमीच सांगितलंसा न्हवं? आता खोटं म्हणू नकासा.” जाताना बाईंनी फुंकायची नळी आमच्याकडं ठेवली. “ते जाणारच असतील तर निदान आधी आणि नंतर एकदा…” मी त्यांच्याकडं बघितलं. त्यांनी वाक्य सोडून दिलं, नळी मात्र सोडूनच गेल्या.

शेवटी आईनं पहार उचलली. आबा झोपलेत असं समजून ती भर दुपारी गच्चीवर गेली. मी पाण्याची बादली घेऊन मागं. आईनं पदर तोंडाला गुंडाळला, पहार फळीच्या फटीत घातली. करकर आवाज झाला आणि आतून खोकला आला. आबा आतच होते.

दार उघडलं. आबा उंबऱ्यात बसले, तिथून उठायची ताकद नव्हती. हाडांचा सापळा झाला होता. सदऱ्यावर, भुवयांवर, ओठांवर पांढरी धूळ. ते आईकडं बघत होते. आरपार नव्हे. तिच्याकडं, तिच्या डोळ्यांत, कित्येक महिन्यांनी पहिल्यांदा.

“हौसा,” ते म्हणाले. एका श्वासात एकच शब्द निघत होता. “एकदा मारलीस. पुन्यांदा बी मारणार?”

आईच्या हातातून पहार गळली. ती तिथंच उन्हात बसली. मी आबांना म्हटलं, आबा, ती तुमच्यासाठी करतीय, तुम्ही जगावं म्हणून करतीय. आबांनी माझ्याकडं बघितलंही नाही. “मला ठावं हाय,” म्हणाले. आणि दार लावून घेतलं.

त्यांचे किती दिवस उरले होते ते सगळ्यांनाच दिसत होतं. पावसाळ्याआधीच गेले. डॉक्टरीणबाईंनी पुढं कुठल्याशा परिषदेत रिकाम्या ढाबळीवर निबंध वाचला आणि त्याचं म्हणे फार कौतुक झालं. त्यांच्यामुळं पुष्कळ लोक वाचलेही असतील. मी कधी चौकशी केली नाही.

तेराव्याला रसूलमामू पहार घेऊन आले. बरोबर दोघं-तिघं गल्लीतली. पाण्याच्या घागरी भरून जिन्याशी ठेवल्या, तोंडाला फडकी बांधली. “मालन, भाभींना सांग, आता तरी पाडून टाकू. ही बला घरात नको. त्यांना बी खोकला लागलाय.”

तेव्हा मला ध्यानात आलं, आई घरात दिसत नाही. मी धावत जिना चढले, मामू माझ्या मागं.

ती ढाबळीच्या दारात बसली होती, दोन्ही हातांनी चौकट धरून. केसांवर, भुवयांवर पांढरी धूळ. खोकल्याची उबळ आली ती तिनं पदरात दाबली आणि मामूंच्या हातातल्या पहारीकडं बघून मान हलवली.

“हात लावू नका,” आई म्हणाली. “दीड वर्ष व्हायचंय अजून.”